सगळंच टेस्टलेस नसते भाऊ: बेचव जेवणाला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं

नागपुरात फिक्का हा एक शब्द सगळीकडे चालून जातो. चहात साखर कमी, फिक्का. भाजीत मीठ नाही, फिक्की. रस्सा तिखट नाही, तोही फिक्काच. समोर ताट असते, बोलणाऱ्याचं तोंड दिसते, म्हणून काय कमी आहे ते ऐकणाऱ्याला बरोबर समजते. इंग्रजीत हे जमत नाही. मग मिहानमधल्या ऑफिसात बाहेरदेशचा क्लायंट सोबत जेवायला बसलेला असो की रात्री डिलिव्हरी ॲपवर रिव्ह्यू लिहायचा असो, आपल्याकडचे बहुतेक लोक टेस्टलेस म्हणून मोकळे होतात. मी स्पोकन इंग्लिशच्या बॅच घेतो, त्यामुळे हा शब्द रोज ऐकून राहिलो, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा तो चुकीच्या जागीच बसलेला असतो.

पद्धत तशी सोपी आहे. इंग्रजी शब्द शोधायच्या आधी मराठीतच स्वतःला विचारायचं, की बाबा नेमकं कमी काय आहे? मीठ, तिखट, आंबट, गोड, वास, की दाटपणा? याला आपल्या भाषेत वेगवेगळे शब्द आहेतच, अळणी, सपक, मिळमिळीत, पाणचट, अगोड, आपणच ते बाजूला ठेवून सगळ्याचं फिक्कं करून टाकलं. अळणी की पाणचट हे एकदा ठरलं की इंग्रजी शब्द भेटायला वेळ लागत नाही.

रोजच्या वापराचा शब्द ठेवा ब्लँड. मीठमसाला कमी पडला, खाताना काहीच उठून येत नाही, कशाचीच आठवण राहत नाही, असं काहीही ब्लँड. दाल ब्लँड, खिचडी ब्लँड, लग्नातली पनीरची भाजीसुद्धा ब्लँड. शब्द उद्धट नाही, इट्स अ बिट ब्लँड म्हटलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही. डॉक्टर तर तो मुद्दाम वापरतात, ब्लँड डाएट म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला द्यायचं कमी तेलाचं, बिनतिखटाचं, पचायला हलकं जेवण, मऊ भात, केळं, टोस्ट असं. तिथे ब्लँड ही तक्रार नसते, तो सल्ला असतो.

पण नागपूरकर ब्लँडची एक ठरावीक गडबड करतात, ती म्हणजे तिखट नसलं की लगेच ब्लँड. सावजीचा काळा रस्सा खाऊन वाढलेल्या जिभेला पास्ता, थाई सूप, गुजराती दाळ, सगळंच ब्लँड वाटते हे मला मान्य आहे, पण इटालियन माणसाला त्याच्या टोमॅटो, लसूण अन् बेसिल घातलेल्या सॉसला ब्लँड म्हटलं तर तो चकितच होईल, कारण त्यात चव भरपूर आहे, फक्त मिरची नाही. इंग्रजीत तिखटपणाला हीट म्हणतात, अन् ते शास्त्रालाही धरून आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींवर काम करत नाही, ते चटका अन् वेदना ओळखणाऱ्या रिसेप्टरला चाळवते. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने हा रिसेप्टर शोधायला कॅप्सेसिनच वापरलं होतं अन् त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तर तुमच्या जिभेला भिवापुरी मिरचीची सवय आहे अन् समोरचं जेवण चांगलं असूनही झणका देत नाही, तर म्हणा इट्स टू माइल्ड फॉर मी, किंवा इट कुड यूज मोअर हीट. थोडं मोकळेपणानं बोलायचं असेल तर इट लॅक्स किक. माइल्ड म्हणजे सौम्य, त्यात दोष कोणाचाच नाही, तुम्हाला जास्त लागते एवढंच.

आणि इथेच स्पायसीचंही बघून घ्या. स्पायसी म्हणजे तिखट असंही होते अन् मसाले भरपूर असंही होते. दालचिनी-लवंग घातलेला केकसुद्धा इंग्रजीत स्पाइस्ड असतो, त्यात मिरचीचा कणही नसतो. तिखटच म्हणायचं असेल अन् समोरच्याने गैरसमज करू नये असं वाटत असेल तर हॉट म्हणा, फक्त मग समोरचा विचारेल की गरम की तिखट, तेव्हा चिली-हॉट. काय करता, त्यांच्याही भाषेत गोंधळ आहेच.

आता मीठ. हा भाग नीट बघा, कारण बेचव जेवणामागे बहुतेक वेळा मीठच असते. अळणी म्हणायला लोक अनसॉल्टेड वापरतात आणि फसतात. अनसॉल्टेड म्हणजे मुद्दाम बिनमिठाचं केलेलं, अनसॉल्टेड बटर, अनसॉल्टेड पीनट्स, ते पाकिटावर अभिमानाने छापतात. सॉल्ट-फ्री आणि लो-सोडियम हे पथ्याचे शब्द, ब्लड प्रेशरवाल्यांसाठी. टाकायचं होतं पण कमी पडलं, याला अंडरसॉल्टेड. मीठही कमी अन् मिरपूडही कमी, एकूण हातच आखडता घेतला असेल तर अंडरसीझन्ड. इंग्रजी स्वयंपाकघरात सीझन करणे म्हणजे मुख्यतः मीठ अन् मिरपूड घालून चव बरोबर करणे, आपल्या गरम मसाल्याशी किंवा गोड्या मसाल्याशी त्याचा तेवढा संबंध नाही, अन् सीझनलशी तर काहीच नाही. माझ्या बॅचमधे एका पोराने बिर्याणी वॉज नॉट सीझनल असं लिहिलं होतं, म्हणजे बिर्याणीचा मोसम संपला की काय! बोलताना मात्र हे जड शब्द नका वापरू. सॉल्ट इज लेस हे आपलं मीठ कमी आहेचं जसंच्या तसं भाषांतर, ऐकणाऱ्याला समजते पण खटकते. इट नीड्स अ लिटल सॉल्ट, किंवा इट कुड यूज अ पिंच ऑफ सॉल्ट, बस.

मीठ बरोबर आहे, तिखटही आहे, तरी मजा नाही येऊन राहिली, असं झालं तर आधी आंबट तपासा. लिंबू, चिंच, दही, टोमॅटो यापैकी काहीच नसलं की चव जमिनीवर लोळत राहते, याला इंग्रजीत फ्लॅट म्हणतात. फ्लॅटचा दुसरा अर्थ गॅस उडालेला सोडा, तोही ओळखीचाच. उपाय सांगायचा असेल तर इट नीड्स अ स्क्वीझ ऑफ लाइम. हो, लाइम, कारण आपलं कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतलं लाइम, लेमन ते मोठं पिवळं वेगळं, भारतात सगळे लेमन म्हणतात अन् त्यावर कोणी भांडत नाही, पण परदेशात दुकानात मागाल तर हातात दुसरंच फळ येईल. जेवणात मीठ-आंबट-तिखट सगळं असूनही एकच चव सारखी डोक्यात बसत असेल, जसं नुसतंच गोड टोमॅटो केचपसारखी ग्रेव्ही, तर ती वन-नोट. अन् सगळं आहे पण मुरलेलं नाही, मसाला नीट भाजलेला नाही, वरवरचं लागते, तर इट लॅक्स डेप्थ. सावजीत खसखस, सुकं खोबरं, दगडफूल हे सगळं भाजून वाटतात ते या डेप्थसाठीच.

पाणचटाला सगळ्यात जास्त शब्द आहेत अन् ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तर्री पोह्याचंच घ्या. तर्री पातळ आहे, पोह्यावर टाकली की खालून प्लेटमधे पाणी पाणी, चण्याला काही धरत नाही, तर ती थिन आणि वॉटरी. थिन म्हणजे दाटपणा नाही, वॉटरी म्हणजे पाण्यासारखी लागते. पण सकाळी आठला चांगली होती, साडेदहाला गर्दी वाढल्यावर त्यातच पाणी ढकललं असं तुम्हाला म्हणायचं असेल तर वॉटर्ड डाउन. यात आरोप आहे, कोणीतरी पाणी घातलं असा, त्यामुळे खात्री असेल तरच लिहा. चहा-कॉफीला थिनही नाही अन् ब्लँडही नाही, तिथे वीक. पत्ती कमी पडली की वीक टी, उलट कडक चहा म्हणजे स्ट्राँग टी. आपला फिक्का चहा म्हणजे बिनसाखरेचा, तो टी विदाऊट शुगर. डिक्शनरीत फिकाला पेल दिलेलं असते म्हणून पेल टी मागू नका, पेल हा रंगाचा शब्द, चेहऱ्याला चालतो.

अजून एक, ग्रेव्ही. इंग्लंडात ग्रेव्ही म्हणजे भाजलेल्या मटणा-चिकनच्या रसापासून केलेला तपकिरी सॉस. पाटोडीच्या रस्स्याला ग्रेव्ही म्हटलं तर भारतात सगळ्यांना समजते, तिकडच्या माणसाला करी किंवा सॉस म्हणा.

मग टेस्टलेस कुठे वापरायचा? जिथे खरंच शून्य चव आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन असते, कलरलेस, ओडरलेस, टेस्टलेस, ती त्याची हक्काची जागा. जेवणाला टेस्टलेस म्हणणं म्हणजे सरळ कानाखाली वाजवल्यासारखं होते, यात काहीच दम नाही असं. त्यात या शब्दाला दुसरा अर्थ आहे, असभ्य, हीन अभिरुचीचा. टेस्टलेस जोक म्हणजे बेचव विनोद नाही, कोणाच्या मयतीवर केलेला घाणेरडा विनोद. तर हॉटेलच्या सजावटीला टेस्टलेस म्हटलं तर त्यांची आवडनिवड काढली असं होते, अन् एकाच वाक्यात फूड अँड डेकोर टेस्टलेस लिहिलं की वाचणारा विचारात पडतो. चवच नव्हती एवढंच सांगायचं असेल तर फ्लेवरलेस जास्त सुरक्षित, किंवा इंग्रज लोक म्हणतात तसं इट डिडन्ट टेस्ट ऑफ मच. ऐकायला सौम्य, आत चिमटा बरोबर.

टेस्ट अन् फ्लेवर यातला फरक मी वर्गात समजावून सांगत नाही, घरी करायला लावतो. तुम्हीही करा. कुकरमधे तुरीची डाळ नुसती शिजवा, हळद नाही, हिंग नाही, मीठ नाही, अन् घोटून एक चमचा खा. हे अनसीझन्ड, लागते ब्लँड. आता चिमूटभर मीठ घालून परत खा. डाळीचा स्वतःचा गोडवा वर येतो, कारण मीठ खारटपणा तर देतेच, शिवाय कडवटपणा दाबून बाकीच्या चवी मोकळ्या करते. आता ही डाळ ब्लँड राहिली नाही, प्लेन झाली. प्लेन म्हणजे साधी, काही वेगळं न घातलेली, प्लेन डोसा, प्लेन राइस, यात तक्रार नाही. आता लिंबू पिळा. अंगावर येते ना थोडी? याला ब्राइट म्हणतात. मग तुपात जिरं, हिंग, लसणाची फोडणी द्या, तो चर्र आवाज झाला की घरभर जो वास सुटतो त्यानंतर ती डाळ फ्लेवरफुल. आता शेवटची गंमत, नाक दोन बोटांनी घट्ट दाबून एक चमचा खा. खारट कळेल, आंबट कळेल, पण जिरं कुठे गेलं, हिंग कुठे गेला? नाक सोडा, सगळं परत. जिभेला मूळ चवी कळतात त्या पाच, गोड, आंबट, खारट, कडू अन् उमामी, ही पाचवी जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मधे ओळखली, ही झाली टेस्ट. टेस्ट अन् वास मिळून जे बनते ते फ्लेवर. म्हणून मीठ, साखर, आंबट कमी असेल तर टेस्टबद्दल बोला, मसाल्याचा, फोडणीचा, कोथिंबिरीचा सुगंध कमी असेल तर इट लॅक्स फ्लेवर किंवा इट लॅक्स अरोमा. उरलेल्या डाळीत तांब्याभर गरम पाणी ओता, वॉटर्ड डाउनचाही धडा तिथेच झाला.

हे समजलं की आजारपणातलं इंग्रजीही सुधारते. कोविडमधे २०२० ला कित्येक लोक म्हणत होते फूड इज टेस्टलेस, आता जेवणाचा त्यात काय दोष? बऱ्याच जणांचा वास गेला होता. सर्दी झाली तरी तेच. तेव्हा आय कान्ट टेस्ट एनीथिंग म्हणा, डॉक्टरला आय हॅव लॉस्ट माय सेन्स ऑफ स्मेल. आणि आपलं तोंडाला चव नाही हे तर माय माउथ हॅज नो टेस्ट असं अजिबात करू नका, त्याचा अर्थ तापातून उठल्यावर काही खावंसं वाटत नाही असा आहे, म्हणून नथिंग टेस्ट्स गुड, किंवा आय हॅव नो ॲपेटाइट.

फळांचं वेगळं. संत्र्याच्या गावचे आपण, २०१४ ला नागपुरी संत्र्याला जीआय मानांकन मिळालं, तर निदान संत्र्याबद्दल तरी नेमकं बोलता यायला पाहिजे. आंबिया बहाराचं संत्रं थोडं आंबट असते, ते टँगी किंवा टार्ट, यात कौतुक आहे. नुसतं आंबटढाण असेल तर सावर. मृग बहाराचं गोड, ते स्वीट अँड ज्यूसी. फोडीत रसच नाही, चोथा नुसता, तर ड्राय. रस आहे पण ना गोड ना आंबट, पाण्याची पिशवी फोडल्यासारखं, तर वॉटरी, अन् जरा भारी शब्द पाहिजे असेल तर इन्सिपिड. हा लॅटिनमधून आला, मूळ अर्थ चव नसलेला. जेवणाला चालतो, भाषणाला चालतो, मिळमिळीत माणसालाही चालतो, पण बोलण्यात फार वापरला तर पुस्तकी वाटते. लेखात एकदा, बस. याचा चुलतभाऊ व्हॅपिड, तो आता जेवणाला जवळपास कोणी लावत नाही, पोकळ गप्पांसाठी उरला.

चव कमी आणि चव बिघडली यात मात्र गल्लत करू नका, पैसे परत मिळायचा प्रश्न असतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला अन् चिवडा मऊ पडला तर इट हॅज गॉन सॉफ्ट, शिळा झाला तर स्टेल. रस्सा मुरून पाटोडी लगदा झाली तर सॉगी. खोबरं किंवा शेंगदाणा खवट लागला तर रॅन्सिड. भाजी आंबली असेल तर स्पॉइल्ड, इंग्रजांच्या बोलीत गॉन ऑफ. आंबलेल्या भाजीच्या तक्रारीत टेस्टलेस लिहिलं तर कस्टमर केअरवाला म्हणेल सर तुमच्या आवडीचा विषय आहे, सॉरी. स्पॉइल्ड अँड स्मेल्स सावर लिहा, फोटो लावा.

ग्रामरचं थोडक्यात. टेस्ट्स ब्लँड, ब्लँडली नाही. अन् आपल्या नागपुरी बोलीतलं येऊन राहिली, लागून राहिली हे इंग्रजीत घुसते ते काढा. चव नाही येऊन राहिली म्हणून टेस्ट इज नॉट कमिंग होते, डाळ फिक्की लागून राहिली म्हणून दाल इज टेस्टिंग ब्लँड होते. द दाल टेस्ट्स ब्लँड, एवढंच. हां, तुम्ही स्वतः चमचा घेऊन चव बघत असाल तर आय ॲम टेस्टिंग द दाल बरोबर आहे. आणि स्पेलिंग सांभाळा, चवीचा अन् परीक्षेचा, दोन्ही आपण देवनागरीत टेस्टच लिहितो, तोंडानेही सारखेच म्हणतो, अन् मग रिव्ह्यूमधे परीक्षावाला टेस्ट पडतो. चवीचा शब्द म्हणताना टेऽस्ट असं थोडं लांबवा, हात आपोआप बरोबर स्पेलिंग लिहील.

कौतुकाच्या बाजूचे दोन शब्दही ठेवा, सटल आणि डेलिकेट. चव हळू आहे पण आहे, अन् तशीच असायला पाहिजे, जसं केशराची किंवा ताज्या माशाची. शेफला ब्लँड म्हणायच्या आधी एकदा विचार करा की हे सटल तर नाही ना, नाहीतर आपलीच जीभ मसाल्याने सुन्न झालेली असायची.

रिव्ह्यू लिहायचा असेल तर पदार्थाचं नाव, काय चांगलं, काय कमी, एवढ्या क्रमाने लिहा. टेस्टलेस फूड, वर्स्ट, नेव्हर गो अगेन याने कोणाचंच काही होत नाही. त्याऐवजी, द पाटोडी वॉज सॉफ्ट अँड फ्रेश, बट द रस्सा वॉज थिन अँड अंडरसॉल्टेड. वाचणाऱ्याला समजते अन् हॉटेलवाल्यालाही उद्या काय सुधारायचं ते कळते. ठीकठाकच होतं, ना चांगलं ना वाईट, तर अंडरव्हेल्मिंग किंवा नथिंग स्पेशल.

आणि कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेला असाल तर वरचं सगळं विसरा. काकूंनी प्रेमाने वाढलेल्या वडाभाताला अंडरसीझन्ड म्हणायची काही गरज नाही, कुड यू पास द सॉल्ट, प्लीज, एवढं पुरते, अन् तेही आधी दोन घास खाऊन. मीठ, आंबट, तिखट सगळं बरोबर असूनही तुम्हालाच पदार्थ आवडला नसेल तर त्याला ब्लँड-फ्लॅट काही म्हणू नका, इट्स नॉट क्वाइट टू माय टेस्ट म्हणा अन् भात थोडाच घ्या.